पाकिटावरचा आकडा आणि मांजराचे पोट

गाईला आंबोण चारणारा माळशिरस तालुक्यातील शेतकरी पशुखाद्याच्या पोत्यावर छापलेले आकडे वाचतोच असे नाही. परंतु पोते बरे होते की वाईट, हे कळावयास त्याला फार दिवस लागत नाहीत. खाद्य बदलले की आठ-पंधरा दिवसांत धारेला फरक पडतो. संकलन केंद्रावर फॅट किती लागली आणि एस.एन.एफ. किती भरले, ते पावतीवर छापून येते आणि खाद्याची परीक्षा तिथल्या तिथे होऊन जाते. पोते वाईट निघाले तर शेतकरी पुढच्या खेपेला दुसरे दुकान धरतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला बाजाराची शिस्त म्हणतात, ती शिस्त अकलूजच्या दूधधंद्यात या एका चिठ्ठीने येते.

त्याच अकलूजच्या बाजारपेठेत अलीकडे प्रौढ मांजरांसाठी तयार केलेल्या कोरड्या खाद्याची पाकिटेही मिळू लागली आहेत. ती घेणारा माणूस बहुधा पगारदार असतो; शिक्षक, पतसंस्थेतील कारकून, क्वचित वसतिगृहाबाहेर खोली घेऊन राहणारा विद्यार्थी. त्याच्याजवळ मात्र अशी कोणतीही चिठ्ठी नाही. मांजर दूध देत नाही, नांगर ओढत नाही. त्याचे वजन कोणी करीत नाही. खाद्यात काही उणे असेल तर त्याचा परिणाम डोळ्यांवर, हृदयावर किंवा मूत्रमार्गावर दिसावयास महिने आणि वर्षे लागतात, आणि तोवर पाकीट केव्हाच केराच्या टोपलीत गेलेले असते.

जेथे माणसांच्या पोराबाळांच्या पोषणाचा प्रश्न सुटलेला नाही, तेथे मांजराच्या खाद्याची चिकित्सा करणे ही चैन आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो जागा चुकला आहे. मांजर पाळावे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. परंतु एकदा पाळले आणि त्याच्या खाद्यावर पगारातून दरमहा पाचसहाशे रुपये खर्च होऊ लागले की तो ग्राहकाचा प्रश्न होतो. शिवाय मांजराच्या पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा ज्या पद्धतीने काढला जातो, त्याच पद्धतीने लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीचीही परीक्षा होत आली आहे. एका ठिकाणी सापडलेली पळवाट दुसऱ्या ठिकाणीही चालते, याचा दाखला पुढे येईलच.

एके काळी या प्रश्नाला जागाच नव्हती. मळ्यातल्या वस्तीवर, धान्याच्या कणगीपाशी, गुळाच्या गुऱ्हाळावर मांजर आपले आपण जगत असे. घरातून मिळणारी दूधभाकरी हा त्याच्या दृष्टीने तोंडीलावण्याचा प्रकार; खरे जेवण उंदीर. ते जेवण किती नेमके होते हे आता मोजून झाले आहे. मोकाट मांजरांच्या आहाराचा अभ्यास करून २०११ मध्ये संशोधकांनी असा हिशेब मांडला की, त्यांना मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि जेमतेम दोन टक्के पिष्टमय पदार्थांतून येते. घरे सिमेंटची झाली, कणग्या गेल्या, मांजर वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत आले आणि त्याची दूधभाकरी तेवढी शिल्लक राहिली. म्हणजे तोंडीलावणे राहिले आणि जेवण गेले. ही उणीव भरून काढण्यासाठी पाकीट आले, आणि त्या अर्थाने त्याचे येणे योग्यच म्हणावे लागेल.

कुत्रा माणसाच्या ताटातले खाऊन बऱ्यापैकी निभावून नेतो; मांजराचे तसे नाही. त्याची शरीररचना काटेकोर मांसाहारी प्राण्याची आहे. आहारात प्रथिने कमी झाली तर आपले शरीर त्यांची काटकसर करू शकते. मांजराच्या यकृतातील विकरे मात्र प्रथिने जाळण्याचे काम जवळजवळ त्याच वेगाने चालू ठेवतात. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व तयार करतो. मांजराला ते करता येत नाही, ते त्याला प्राणिज पदार्थांतून तयार स्वरूपातच मिळावे लागते. आर्जिनिन हे अमिनो आम्ल वगळलेले एकच जेवण दिले तरी काही तासांत मांजराच्या रक्तात अमोनिया साठून ते आजारी पडते, हे १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, गोडाची चव घेण्यासाठी लागणारे एक जनुकच मांजरात निकामी झालेले आहे, असे २००५ मध्ये सिद्ध झाले. साखर कारखान्याच्या या परिसरात साखरेची गोडी ज्याला मुळीच कळत नाही असा रहिवासी बहुधा तेवढाच.

या सगळ्यात टॉरिनची कथा सर्वांत बोधक आहे. टॉरिन हे मांस-मासळीत असणारे अमिनो आम्लवर्गीय द्रव्य. मांजराचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटल झिजते, हे १९७५ मध्ये उघडकीस आले होते. तरीही पुढे बारा वर्षे एक मोठी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. १९८७ मध्ये पॉल पिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले की, हृदय फुगून निकामी होण्याचा जो रोग मांजरांत सर्रास आढळत होता, त्याच्या मुळाशी टॉरिनची कमतरता होती, आणि टॉरिन दिल्यावर अनेक मांजरांची हृदये पूर्ववत झाली. ही मांजरे काही उकिरड्यावर जगणारी नव्हती. ती अमेरिकेतल्या सुस्थितीतील घरांत, दुकानातून आणलेल्या तयार खाद्यावर वाढत होती, आणि ते खाद्य त्या वेळच्या मान्य प्रमाणानुसार पुरेसे समजले जात होते. उत्पादकांनी त्यानंतर टॉरिनचे प्रमाण वाढविले आणि तो रोग झपाट्याने कमी झाला. कागदावर पूर्ण असलेला आहार पोटात गेल्यावर अपुरा ठरू शकतो, हे त्या वेळी महागात पडून कळले.

आता कोरड्या दाण्याकडे वळावे. हा दाणा कसा तयार होतो हे समजल्याखेरीज त्याची पारख करता येणार नाही. धान्याचे पीठ, वाळविलेल्या मांसाची वा मासळीची भुकटी, चरबी व पाणी यांचे मिश्रण उष्णता आणि दाब देऊन एका नळीतून रेटले जाते. बाहेर येताच ते फुगते, कापले जाते, वाळविले जाते आणि शेवटी त्यावर चरबीचा व चवीचा लेप दिला जातो. अमेरिकेत कुत्र्यांसाठी अशा रीतीने केलेले खाद्य १९५७ मध्ये बाजारात आले आणि पुढे मांजरांसाठीही तीच यंत्रे चालू लागली. यात मेख अशी की, दाणा फुगावयास आणि टिकावयास पिष्ट लागते. म्हणजे मका, तांदूळ, गहू किंवा वाटाण्याचे पीठ या दाण्यात असते ते प्रथमतः यंत्राची गरज म्हणून. ते स्वस्तही असते, हा उत्पादकाचा दुसरा लाभ. शिजलेले पिष्ट निरोगी मांजर चांगले पचवू शकते. त्यामुळे पिष्ट म्हणजे विष, ही काही हौशी लोकांची ओरड निराधार आहे. मांजरांतील मधुमेहाचा संबंध पिष्टापेक्षा लठ्ठपणाशी आणि बैठ्या जीवनाशी अधिक स्पष्टपणे जोडला गेलेला आहे. तथापि पाकिटात पिष्ट किती आणि प्रथिने किती, यावर उत्पादकाचा खर्च ठरतो, आणि म्हणूनच आपण पैसे कशाचे मोजतो आहोत हे ग्राहकाला कळले पाहिजे.

मांजर आवडीने खाते, एवढे पुरेसे नाही काय? दुर्दैवाने नाही. दाण्यावरचा लेप हा यकृतादी अवयवांच्या अर्कापासून मुद्दाम तयार केलेला असतो, आणि त्याचे काम आतला दाणा कसाही असला तरी तो खाववणे हेच असते. खाणाऱ्याची साक्ष अशी आधीच फितवलेली असते.

उरतो तो पाकिटावरचा छापील मजकूर. सर्वसाधारणपणे तेथे चार आकडे असतात: प्रथिने किमान अमुक टक्के, स्निग्धांश किमान, तंतू कमाल आणि ओलावा कमाल. समजा, एका पाकिटावर प्रथिने ३०, स्निग्धांश १०, तंतू ४ आणि ओलावा १० टक्के असे लिहिले आहे. यांची बेरीज ५४. उरलेले ४६ टक्के काय आहे? त्यातले साधारण ८ टक्के राख, म्हणजे खनिजांचा अंश, धरला तर ३८ टक्के पिष्टमय पदार्थ उरतात. पाकिटातला हा सर्वांत मोठा घटक, आणि नेमका त्याचाच आकडा छापलेला नसतो. राखेचा आकडाही पुष्कळदा नसतो, म्हणून तो अंदाजाने धरावा लागतो.

पुढची पायरी ओलावा वजा करण्याची. १०० ग्रॅम दाण्यात १० ग्रॅम पाणी असेल तर ३० ग्रॅम प्रथिने ९० ग्रॅम कोरड्या पदार्थांत आहेत, म्हणजे ती खरोखर ३३ टक्के झाली. ही वजाबाकी न केल्याने किती फसगत होते पाहा. ओल्या खाद्याच्या पाकिटावर ८ टक्के प्रथिने आणि ८२ टक्के ओलावा लिहिलेला असतो. ८ आणि ३० हे आकडे शेजारी ठेवले तर कोणीही दाण्याचे पाकीट उचलील. पण ८ ग्रॅम प्रथिने १८ ग्रॅम कोरड्या पदार्थांत आहेत. प्रमाण ४४ टक्के पडते. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची जी संघटना आहे, तिने प्रौढ मांजरासाठी याच कोरड्या हिशेबाने किमान २६ टक्के प्रथिने, ९ टक्के स्निग्धांश आणि दाणेदार खाद्यात ०.१ टक्का टॉरिन असावे असे ठरविले आहे. ही किमान मर्यादा आहे. तिच्या जरा वर असणे ही काही मिरविण्याची गोष्ट नव्हे. या संघटनेचे नाव भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटांवरही दिसते आणि त्यामुळे ग्राहकाचा असा समज होतो की, तिने ते खाद्य तपासून मंजूर केले आहे. वस्तुतः ही संघटना कोणतेही खाद्य तपासत नाही की मंजूर करीत नाही. ती फक्त प्रमाणे ठरविते.

प्रथिनांच्या आकड्याला ‘क्रूड’ असे विशेषण लावलेले असते. त्याकडे बहुतेकांची नजर जात नाही. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग मद्यनिर्मितीगृहाच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये एक पद्धत शोधून काढली. तीत पदार्थातील नत्र मोजला जातो आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढला जातो, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतो. पद्धत सोपी आणि स्वस्त असल्याने ती जगभर रूढ झाली. परंतु ती नत्र मोजते, प्रथिने मोजत नाही. युरियात ४६ टक्के नत्र आहे. या सूत्राने शुद्ध युरियात २८७ टक्के प्रथिने भरतात! गाई-म्हशींच्या बाबतीत यात काहीसे तथ्यही आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजंतू थोड्या प्रमाणातील युरियापासून प्रथिने बनवू शकतात, आणि त्याच तत्त्वावर मळी, युरिया व खनिजे यांच्या चाटण-विटा दुभत्या जनावरांसाठी तयार केल्या जातात. मांजराच्या पोटात ही सोय नाही. त्याच्या दृष्टीने युरियातला नत्र हा निव्वळ कचरा.

मेलॅमिन या औद्योगिक रसायनात तर ६६ टक्क्यांहून अधिक नत्र असतो. २००७ च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांचे खाद्य मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत घ्यावे लागले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलॅमिन मिसळलेले होते आणि मूत्रपिंडात खडे होऊन प्राणी मेले. मांजरांची गोष्ट म्हणून जगाने ती लवकर विसरून टाकली. दुसऱ्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये तेच रसायन दुधात आणि तान्ह्या मुलांच्या दूध-भुकटीत सापडले. पाणी घालून पातळ केलेल्या दुधाचा प्रथिनांचा आकडा वर दिसावा यासाठी ते घातले गेले होते. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, सहा दगावली. चाचणी तीच आणि युक्तीही तीच होती. पहिला इशारा मांजरांनी दिला होता.

अशी उघड भेसळ ही टोकाची गोष्ट झाली. रोजच्या व्यवहारातला प्रश्न निराळा आहे. पिसे, केस, शिंगे यांतही भरपूर प्रथिने असतात. केल्डालच्या चाचणीत ती मांसाइतक्याच मानाने मोजली जातात. परंतु विशेष प्रक्रिया केल्याशिवाय ती पचत नाहीत. मक्यातले प्रथिन पचते, पण त्यातील अमिनो आम्लांचा मेळ मांजराच्या गरजेशी जुळत नाही आणि तो वेगळ्या घटकांनी जुळवून घ्यावा लागतो. ऊस पिकविणाऱ्या भागातील वाचकाला हे चटकन समजेल. कारखान्यावर गेलेल्या उसाचे वजन काट्यावर होते. पण त्या टनातून साखर किती निघाली हे उताऱ्यावरून कळते, आणि भाव उताऱ्याशी बांधलेला असतो. पाकिटावरचे ‘क्रूड’ प्रथिन म्हणजे काट्यावरचे वजन. उताऱ्याचा आकडा पाकिटावर नाही.

किमतीवरून गुणवत्ता ओळखावी, हा मग एकच मार्ग उरतो असे ग्राहकाला वाटते. अर्थशास्त्रात या परिस्थितीचा विचार झालेला आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात दाखविले की, विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात चांगला माल टिकत नाही. ग्राहक सरासरी प्रतीचीच किंमत द्यावयास तयार असतो आणि त्या किमतीत चांगला माल देणारा बाहेर फेकला जातो. २००१ मध्ये अकेरलॉफ यांना या कार्यासाठी दोन अन्य अर्थशास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी आणखी एक भेद केला. काही वस्तू पाहून पारखता येतात, काही वापरून. परंतु काही वस्तू अशा की वापरल्यानंतरही त्यांची प्रत कळत नाही. गाईचे आंबोण दुसऱ्या वर्गात मोडते, मांजराचा दाणा तिसऱ्या. तिसऱ्या वर्गातील वस्तूंची किंमत ही मालाच्या प्रतीपेक्षा जाहिरातीच्या खर्चावर आणि पाकिटावरच्या चित्रावर अधिक अवलंबून राहते. त्यात तोटा होतो तो प्रामाणिक लहान उत्पादकाचा. त्याच्याजवळ जाहिरातीला पैसा नसतो आणि मालाची प्रत सिद्ध करण्याचे साधनही नसते.

महाग तेवढे खोटे, असाही याचा अर्थ नव्हे. थोडा हिशेब केला तर महाग पाकीट वाटते तितके महाग ठरत नाही, असेही दिसून येते. वर घेतलेल्या पाकिटाची किंमत किलोला ३०० रुपये धरू. प्रथिने व पिष्ट यांच्या प्रत्येक ग्रॅमला साडेतीन आणि स्निग्धांशाला साडेआठ कॅलरी, या रूढ प्रमाणाने त्याच्या १०० ग्रॅममध्ये ३२३ कॅलरी भरतात. दुसऱ्या एका पाकिटात प्रथिने ३८, स्निग्धांश १६, तंतू ३, ओलावा ८ आणि राख ७ टक्के आहे आणि किंमत किलोला ४८० रुपये आहे असे मानू. त्यात पिष्ट २८ टक्के उरते आणि १०० ग्रॅममध्ये ३६७ कॅलरी भरतात. शस्त्रक्रिया झालेल्या, घरातच राहणाऱ्या चार किलो वजनाच्या प्रौढ मांजराला दिवसाला सुमारे २०० कॅलरी पुरतात. पहिल्या पाकिटातले ६२ ग्रॅम लागतील, खर्च साडेअठरा रुपये. दुसऱ्यातले साडेचोपन्न ग्रॅम, खर्च सव्वीस रुपये. किलोमागे ६० टक्के महाग असलेले खाद्य दिवसाच्या हिशेबात ४० टक्केच महाग पडते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ऊर्जेतील प्रथिनांचा वाटा पहिल्यात ३३ आणि दुसऱ्यात ३६ टक्के, म्हणजे फरक फार मोठा नाही. महिन्याला सव्वादोनशे रुपये जास्त मोजणे या फरकासाठी योग्य की अयोग्य, हे ज्याने त्याने ठरवावे. आज अडचण अशी की, आकडेच नसल्याने ठरविता येत नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ मध्ये ‘अन्न’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीतून पशुखाद्य स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. बिस्किटाच्या पुड्यावर ऊर्जा, साखर, स्निग्धांश यांचा तक्ता देणे भाग असते, तसे मांजराच्या पाकिटावर नाही. वेष्टित वस्तूंबाबतचे २०११ चे वैधमापन नियम लागू होतात. पण त्यांना वजन, किंमत, महिना, उत्पादकाचा पत्ता यांच्याशी कर्तव्य आहे, पोषणाशी नाही. परदेशी मालाला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा आरोग्यविषयक परवाना लागतो. त्याचा हेतू रोग देशात येऊ नयेत हा आहे. भारतीय मानक ब्युरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक २०१९ पासून आहे, परंतु ते पाळणे ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये खोट्या दाव्याविरुद्ध तक्रार करता येते हे खरे, पण जे छापलेच नाही ते खोटे कसे ठरविणार? शासनाच्या लेखी मांजर मुळात अस्तित्वातच नाही, असेही म्हणता येईल. पशुगणनेत कुत्र्यांची मोजदाद होते, मांजरांची होत नाही. मात्र २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा गाईचे खाद्य करमुक्त राहिले आणि मांजराच्या पाकिटावर कर बसला. कर घेताना पाकीट दिसते, तपासताना दिसत नाही.

मानक सक्तीचे करावे, अशी मागणी सोपी आहे. परंतु घाईघाईने केलेल्या सक्तीत लहान उत्पादक भरडले जातात आणि तपासणीची यंत्रणा नसल्यास केवळ परवान्यांचा बाजार वाढतो. त्यापेक्षा पहिली सक्ती माहितीची असावी. १०० ग्रॅममागे कॅलरी, राख, पिष्ट, टॉरिन आणि प्रथिनांचे मुख्य स्रोत, एवढे पाकिटावर मराठीसह प्रादेशिक भाषेत छापले पाहिजे. खाद्य प्रत्यक्ष मांजरांना चारून पाहिले आहे की केवळ कागदावर जुळविले आहे, हेही लिहावयास लावावे. चारून पाहणे म्हणजे काही फार मोठे दिव्य नव्हे. अमेरिकन प्रमाणानुसार आठ प्रौढ मांजरे आणि सव्वीस आठवडे, एवढीच ती परीक्षा आहे. पंधरा वर्षे जगू शकणाऱ्या प्राण्यासाठी ती अपुरीच म्हणावयाची, पण न केल्यापेक्षा बरी. खर्च वाढेल, ही उत्पादकांची तक्रार या बाबतीत फारशी टिकणारी नाही. हे आकडे हाताशी असल्याशिवाय खाद्याचे मिश्रण ठरविताच येत नाही. म्हणजे ते कारखान्यात असतातच, पाकिटावर तेवढे येत नाहीत. पडताळणीसाठीही शून्यातून सुरुवात करावयाची नाही. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळचे महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची पशुखाद्य तपासणारी सुसज्ज प्रयोगशाळा आहे. बाजारातून वर्षातून दोनदा नमुने उचलावेत आणि निकाल नावांसह प्रसिद्ध करावेत, एवढे काम या संस्थांकडे सोपविणे शासनाला अवघड नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथे घंटा उत्पादकाच्या गळ्यात बांधावयाची आहे, आणि उंदरांपेक्षा सरकारचे हात नक्कीच लांब आहेत.

सुट्या विक्रीचा प्रश्न यात वेगळा घ्यावा लागेल. मोठे पोते फोडून साध्या पिशवीतून पाव किलो, अर्धा किलो दाणा विकण्याची पद्धत लहान गावांत सोयीची आहे, पण त्यात असलेली थोडीफार माहितीही ग्राहकापासून तुटते. वरचा चरबीचा लेप हवेने खवट होतो, मुदत संपली की नाही हे कळत नाही. दुकानदाराने मूळ पोत्याचा मजकूर दर्शनी भागात लावावा, हा नियम करावयास खर्च काहीच येत नाही.

दाणा कितीही उत्तम असला तरी त्यात पाणी दहा टक्केच असते, आणि उंदराच्या शरीरात ते दोनतृतीयांशाच्या आसपास. मांजराचे पूर्वज रखरखीत प्रदेशातले. तहान कमी लागणे हा त्याचा स्वभाव आहे. नर मांजराची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत ते दगावू शकते. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात कोरड्या दाण्यावर ठेवलेल्या मांजराजवळ पाण्याची दोनतीन भांडी असणे आणि अधूनमधून दाणा भिजवून देणे, ही गोष्ट पाकिटाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे.

पालखीच्या वाटेवरच्या या गावात माळकरी घरे पुष्कळ आहेत. घरात मांस शिजवायचे नाही, पण मांजर तर मांसाहारी, या पेचातून दाणा त्यांना सोडवितो. तो दिसावयास मांसासारखा नसतो. अशा घरांना शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. टॉरिन, अ जीवनसत्त्व आदी घटक रासायनिक रीतीने तयार करता येतात, म्हणून तसे खाद्य बनविणे अशक्य नाही. परंतु तेथे एखादा घटक राहून गेला तर सावरून घेणारे दुसरे काहीच ताटात नसते. म्हणूनच त्या पाकिटाच्या बाबतीत आकड्यांची मागणी अधिक कडक असावी. उलट टोकाला, पाकिटावर विश्वास नको म्हणून केवळ उकडलेली कोंबडी किंवा बाजारची खारट सुकट चारणारेही आहेत. निव्वळ मांसात कॅल्शियम नगण्य असते. उंदीर हाडांसकट खाल्ला जातो, हे ते विसरतात. या दोहोंपेक्षा साधारण प्रतीचे पण संपूर्ण खाद्यही बरे.

कायदा होईपर्यंत ग्राहकाच्या हातात एक लहानसे साधन आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे तक्रारीसाठी संपर्काचा पत्ता आणि दूरध्वनी पाकिटावर द्यावाच लागतो. त्या पत्त्यावर तीन प्रश्न लिहून पाठवावेत: १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती, राख किती टक्के आणि टॉरिन किती. उत्तर आले तर दुसऱ्या उत्पादकालाही तेच विचारावे. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वर केलेला हिशेब मांडावयास दहावीच्या विद्यार्थ्यालाही अर्धा तास पुरेल.